मोबाइल मोडेमचा पत्ता
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

प्रास्ताविक

‘विज्ञान हा आपला प्रांत नव्हे’ असे आपण कला शाखेचे विद्यार्थी सहज म्हणून जातो. परंतु परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, वर्तमानपत्र, इतकेच काय पण जुने दुर्मिळ ग्रंथदेखील आज आपण ज्या मार्गाने मिळवितो, तो मार्ग आपल्या खिशातील मोबाइलमधून किंवा संगणकाला लावलेल्या छोट्या डोंगलमधून जातो. या यंत्राला इंटरनेटवर एक पत्ता असतो व त्याला ‘आयपी पत्ता’ म्हणतात, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. तो पत्ता कोण देतो, केव्हा देतो, किती काळासाठी देतो, आणि तो खरोखर आपलाच असतो काय, हे प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नांची उत्तरे कला शाखेच्या विद्यार्थ्याला समजतील अशा भाषेत देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. उत्तरे केवळ तंत्रज्ञांच्या कामाची नाहीत. आपल्या नित्याच्या जीवनाशी त्यांचा कसा संबंध पोहोचतो हे लेखाच्या उत्तरार्धात दिसेल.

१. मोडेम म्हणजे काय?

‘मोडेम’ हा जोडशब्द आहे. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डीमॉड्युलेटर’ या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकत्र करून तो बनला. संगणकाची भाषा शून्य व एक या दोनच चिन्हांची. ती तारेवरून किंवा हवेतून पाठवावयाची तर तिला लहरींचे रूप द्यावे लागते, आणि पलीकडे पोहोचल्यावर लहरींतून पुन्हा चिन्हे काढावी लागतात. हे दुहेरी भाषांतर करणारा दुभाष्या म्हणजे मोडेम.

जुने मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडलेले असत. १९८१ साली बाजारात आलेल्या हेज कंपनीच्या ‘स्मार्टमोडेम’ला संगणकाकडून हुकूम देण्याची एक पद्धत होती. प्रत्येक हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होई. ‘अटेन्शन’, म्हणजे ‘सावधान’, या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. नवल असे की आजचे सिम कार्ड घातलेले मोडेमही ही ‘एटी’ची भाषा समजतात. भाषेतील जुने शब्द जसे नव्या अर्थाने टिकून राहतात, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी पहिले मोबाइल संभाषण कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. अवघ्या पंधरा दिवसांच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन वाटा पुढे कित्येक वर्षे वेगळ्याच चालत होत्या. त्या एकत्र आल्या तेव्हा मोबाइल मोडेम जन्माला आला.

२. आधी ओळख, मग प्रवेश

मोडेम सुरू केल्याबरोबर तो बोलत नाही, प्रथम ऐकतो. प्रत्येक टॉवर अखंड काही खुणेच्या लहरी सोडीत असतो. त्यावरून मोडेम आपले घड्याळ टॉवरच्या घड्याळाशी जुळवितो, आणि हा टॉवर कोणत्या देशातील व कोणत्या कंपनीचा आहे हे वाचतो. भारतासाठी ४०४ व ४०५ हे देशांक वापरात आहेत. आपल्या कंपनीचा टॉवर सापडला की मोडेम पहिली हाक देतो. ४-जी पद्धतीत अशा हाकांचे चौसष्ट नमुने ठरलेले आहेत. मोडेम त्यांतील एक निवडतो. दोन मोडेमनी एकाच क्षणी एकच हाक दिली तर गोंधळ होतो. तेव्हा दोघेही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करतात. वर्गात दोघे एकदम बोलू लागल्यावर दोघेही गप्प होतात व मग एक जण आधी बोलतो, तसेच हे.

यानंतर ओळख पटविण्याचा भाग येतो, आणि मला स्वतःला तो सर्वांत मनोवेधक वाटला. सिम कार्डात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ग्राहकाचा ओळख क्रमांक. तो जास्तीत जास्त पंधरा अंकी असतो, व आपण लोकांना सांगतो त्या दहा अंकी मोबाइल क्रमांकाहून तो निराळा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. या किल्लीची दुसरी प्रत फक्त कंपनीच्या मुख्य नोंदवहीत असते.

आता ही किल्ली आपल्याजवळ आहे हे सिम कार्ड कसे सिद्ध करणार? किल्ली हवेतून पाठविली तर वाटेत कोणीही ती ऐकेल. म्हणून कंपनी एक मोठी, अचानक निवडलेली संख्या पाठविते. सिम कार्ड ती संख्या व आपली किल्ली यांवर ठरलेले गणित करून केवळ उत्तर परत करते. कंपनीही आपल्या नोंदवहीतील किल्लीने तेच गणित करते. दोन्ही उत्तरे जुळली की प्रवेश मिळतो. किल्ली सिम कार्डाबाहेर कधीच पडत नाही, आणि पुढील वेळी संख्या वेगळी असल्याने आजचे उत्तर उद्या निरुपयोगी ठरते. २-जीच्या काळात परीक्षा फक्त ग्राहकाची होई, त्यामुळे खोटा टॉवर उभारून मोबाइलला फसविणे शक्य होते. ३-जीपासून नेटवर्कलाही सिम कार्डापुढे आपली ओळख पटवावी लागते. ५-जीत आणखी एक सुधारणा आहे: ग्राहकाचा कायमचा क्रमांक हवेतून जातानाच कुलूपबंद करून पाठविण्याची सोय झाली आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओळख पटली म्हणजे पत्ता मिळाला असे नव्हे. महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरी वसतिगृहाची खोली मिळावयाची राहतेच.

३. पत्ता कोण देतो?

मोडेमच्या रचनेत ‘एपीएन’ नावाचा एक रकाना असतो, आणि त्यात कंपनीने ठरविलेला एक छोटासा शब्द भरलेला असतो. पुष्कळदा आपण तो न समजताच भरतो. त्याचा अर्थ इतकाच, की ‘मला अमुक दारातून बाहेर पडावयाचे आहे.’ सर्वसाधारण इंटरनेटचे दार वेगळे, एखाद्या बँकेच्या यंत्रांसाठी राखून ठेवलेले दार वेगळे.

कंपनीचे नेटवर्क हा शब्द वाचून मोडेमची मागणी त्या दाराशी पोहोचविते. या दाराला २-जी व ३-जीच्या काळात ‘जीजीएसएन’ म्हणत, ४-जीत ‘पी-गेटवे’ म्हणतात, ५-जीत ‘यूपीएफ’ म्हणतात. नावे बदलली तरी काम तेच राहिले: एका बाजूला कंपनीचे स्वतःचे नेटवर्क आणि दुसऱ्या बाजूला सारे इंटरनेट, यांच्या सीमेवर उभे राहणे. या दाराशी पत्त्यांचा एक साठा असतो. त्यातील मोकळा पत्ता निवडून तो मोडेमच्या नावे टाकला जातो, आणि ४-जीत प्रवेश मान्य झाल्याच्या संदेशाबरोबरच तो मोडेमला कळविला जातो. घरच्या वायफायमध्ये यंत्राला पत्त्याची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते; येथे प्रवेशपत्रावरच खोली क्रमांक लिहून येतो.

डोंगलला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला संगणक जोडला असेल तर पत्त्यांची आणखी एक पायरी असते. डोंगल स्वतःच छोटा दाराधिकारी बनतो व संगणकाला १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता देतो. म्हणजे संगणकाचा पत्ता एक आणि मोडेमचा पत्ता दुसरा. बाहेरच्या जगाला यांपैकी एकही दिसत नाही, ते कसे हे पुढे येईल.

४. यंत्र हिंडते, पत्ता हलत नाही

बीडहून पुण्याला निघालेल्या एस.टी.त एखादा विद्यार्थी मोबाइलवर व्याख्यान ऐकत बसला आहे अशी कल्पना करा. वाटेत किती तरी टॉवर बदलतात, तरी व्याख्यान सहसा तुटत नाही. पत्ता जर टॉवरने दिलेला असता तर प्रत्येक टॉवरपाशी नवा पत्ता घ्यावा लागला असता. पत्ता टॉवरचा नसून दाराचा असतो, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार हंगामात फडाफडातून हिंडतात. समजा, घरच्यांनी पत्र लिहिले तर ते आज कोणत्या फडात पोहोचवावयाचे हे त्यांना ठाऊक नसते. पण पत्रावर कारखान्याचा पत्ता व मुकादमाचे नाव घातले की पुरे. टोळी आज कोणत्या शिवारात आहे हे कारखान्याच्या कचेरीत ठाऊक असते. तेथून पत्र दुसऱ्या पाकिटात घालून त्या शिवारात पाठविता येते. मोबाइल नेटवर्कमध्ये अगदी हेच घडते. बाहेरून आलेले पाकीट दाराशी उतरते. दार ते तसेच्या तसे दुसऱ्या पाकिटात घालते, वर सध्याच्या टॉवरकडे जाणारी खूण लिहिते आणि आत पाठविते. तंत्रज्ञ याला ‘बोगदा’ म्हणतात. टॉवर बदलला की फक्त बोगद्याचे आतले टोक हलते. दाराकडचे टोक तेथेच राहते.

यावरून एका नेहमीच्या अनुभवाचा उलगडा होतो. आपण तालुक्याच्या गावी बसलेलो असतो आणि एखादे संकेतस्थळ मात्र आपण मुंबईत किंवा पुण्यात असल्याचे सांगते. त्याला आपण दिसतच नाही. त्याला आपले दार दिसते.

पत्ता आपल्याकडे किती काळ राहतो? काही सेकंद देवाणघेवाण नसली की टॉवर मोडेमसाठी राखलेल्या लहरी काढून घेतो, पण पत्ता काढून घेत नाही. नवे काही आले तर त्या परिसरातील टॉवर मोडेमच्या तात्पुरत्या नावाने पुकारा करतात व मोडेम जागा होतो. मात्र मोडेम बंद करून पुन्हा सुरू केला की जुना पत्ता साठ्यात जमा होतो, आणि नवा मिळणारा पत्ता बहुधा वेगळा असतो.

५. पत्त्यांची टंचाई

१९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत पक्की झाली तिच्यात प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असल्यास नवल नाही. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाला राखीव साठ्याला हात घालावा लागला. एकट्या भारताची लोकसंख्या १४० कोटींहून अधिक आहे. तेव्हा प्रत्येक मोबाइलला स्वतंत्र पत्ता मिळणे अशक्य झाले.

यावर तोडगा असा: काही पत्ते खाजगी म्हणून बाजूला काढलेले आहेत. १० या अंकाने सुरू होणारे १,६७,७७,२१६ पत्ते कोणीही आपल्या आवारात वापरावेत, बाहेर मात्र त्यांना अर्थ नाही. एप्रिल २०१२ मध्ये खास सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांसाठी १००.६४ पासून सुरू होणारा ४१,९४,३०४ पत्त्यांचा आणखी एक गट राखण्यात आला. मोबाइल कंपनी आपल्या मोडेमला सहसा असाच आतला पत्ता देते, आणि अनेक ग्राहकांमध्ये मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरते.

मग उत्तरे योग्य ठिकाणी कशी पोहोचतात? आपल्या महाविद्यालयाच्या कचेरीतील आवक-जावक नोंदवही आठवावी. पत्र कोणत्याही विभागाचे असो, बाहेर जाताना त्यावर महाविद्यालयाचा एकच पत्ता असतो. मात्र कारकून त्यावर जावक क्रमांक घालतो व कोणत्या विभागाचे पत्र कोणत्या क्रमांकाने गेले ते वहीत लिहून ठेवतो. उत्तरात तो क्रमांक आला की पत्र बरोबर त्या टेबलावर जाते. इंटरनेटवरील या जावक क्रमांकाला ‘पोर्ट’ म्हणतात. एका पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात. सुरुवातीचे १,०२४ वगळून प्रत्येक ग्राहकाला हजार क्रमांक दिले, तर एका सार्वजनिक पत्त्यामागे सुमारे चौसष्ट ग्राहक बसतात.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहा. बाहेरून एखादे पत्र आपणहून आले, त्यावर कोणताच संदर्भ क्रमांक नाही, तर कारकून ते कोणाला देणार? तो ते टाकून देतो. तात्पर्य, आतून बाहेर जाणाऱ्याला वाट मोकळी असते; बाहेरून आत येणाऱ्याला वाटच नसते.

६. ग्रंथालयाच्या सूचीचा प्रश्न

हा मुद्दा केवळ पुस्तकी नाही हे आमच्या ग्रंथालयात दिसून आले. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करताना आम्ही चौघींनी जुन्या मराठी नियतकालिकांची व स्थानिक इतिहासाच्या ग्रंथांची सूची संगणकावर उतरविली. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला एखादा अंक ग्रंथालयात आहे की नाही एवढे पाहण्यासाठी एस.टी.ने यावे लागते व त्याचा अख्खा दिवस जातो. सुगीच्या दिवसांत असा दिवस काढणे अनेकांना परवडत नाही. म्हणून सूची घरबसल्या दिसावी अशी ग्रंथपालांची इच्छा होती. इमारतीपर्यंत केबल आलेली नसल्याने संगणकाला सिम कार्डाचा मोडेम लावला. आतून सारे जग दिसे. बाहेरून आमची सूची कोणालाच दिसेना.

कारण वर सांगितलेलेच होते, आणि ते पडताळून पाहणे सोपे आहे. मोडेमच्या स्वतःच्या पानावर कंपनीने दिलेला पत्ता दिसतो. बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळाला ‘माझा पत्ता काय?’ असे विचारले तर त्याला दिसणारा पत्ता कळतो. आमच्याकडे पहिला १०० ने सुरू होणारा होता व दुसरा पूर्णपणे निराळा. दोन पत्ते जुळले नाहीत की मध्ये आवक-जावक वही आहे असे समजावे.

अशा वेळी तीन मार्ग असतात. पहिला, कंपनीकडून कायमचा सार्वजनिक पत्ता विकत घेणे. काही कंपन्या व्यावसायिक ग्राहकांना वेगळ्या एपीएनद्वारे तो देतात. आमच्या ग्रंथालयाला तो खर्च झेपणारा नव्हता.

दुसरा मार्ग म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, आयपी आवृत्ती ६. तिच्यात पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईचा प्रश्नच उरत नाही. भारत या बाबतीत जगाच्या पुढे आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या रिलायन्स जिओच्या ४-जी सेवेने या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला, व आज भारतातील निम्म्याहून अधिक इंटरनेट-वापरकर्त्यांना नवा पत्ता मिळतो. या पद्धतीत मोडेमला एकच पत्ता न देता पत्त्यांचा आख्खा गट दिला जातो. परंतु मोबाइल कंपन्या सुरक्षिततेसाठी बाहेरून आपणहून येणारी पाकिटे येथेही बहुधा अडवितात. शिवाय पाहणाऱ्याकडेही नवी पद्धत असावी लागते.

तिसरा मार्ग आम्ही स्वीकारला. बाहेरून आत येता येत नसेल तर आतून बाहेर जावे. ज्याला सार्वजनिक पत्ता आहे असा एक लहान संगणक दरमहा भाड्याने घेतला. ग्रंथालयातील संगणक स्वतः त्याच्याशी संधान बांधतो व ते तुटू देत नाही. विद्यार्थी त्या भाड्याच्या पत्त्यावर येतात आणि त्यांची मागणी उघड्या असलेल्या त्याच वाटेने आमच्यापर्यंत पोहोचते. यात एक पथ्य पाळावे लागते. जावक वहीतील नोंद काही काळ वापरली नाही तर पुसली जाते. एका प्रकारच्या देवाणघेवाणीसाठी ती किमान दोन मिनिटे ठेवावी असा संकेत आहे. म्हणून आमचा संगणक दर मिनिटाला ‘मी आहे’ एवढा एक निरोप पाठवितो. वीज गेली व पुन्हा आली तर मोडेमचा पत्ता बदलतो, पण हाक आतूनच जात असल्याने त्याचे काही बिघडत नाही.

७. पत्ता म्हणजे माणूस नव्हे

शेवटी मला ज्या मुद्द्याकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे तो असा. वसतिगृहात शिष्यवृत्तीच्या अंतिम तारखेला अनेक मुली एकाच हॉटस्पॉटवरून अर्ज भरीत होत्या. चार-पाच अर्ज गेल्यानंतर संकेतस्थळाने त्या पत्त्यावरून येणाऱ्या मागण्या संशयास्पद ठरवून थांबविल्या. उरलेल्या मुलींनी वेगवेगळ्या मोबाइलवरून अर्ज भरले म्हणून निभावले. संकेतस्थळाच्या दृष्टीने एक पत्ता म्हणजे एक माणूस होता. वस्तुतः त्या एका पत्त्यामागे आमचे सारे वसतिगृह होते, आणि कदाचित गावातील अनोळखी ग्राहकही होते.

अर्जाच्या बाबतीत ही गैरसोय होय. आरोपाच्या बाबतीत तो अन्याय ठरू शकतो. एखादा बदनामीकारक मजकूर अमुक पत्त्यावरून प्रसिद्ध झाला असे कोणी म्हणाले, तर तेवढ्यावरून कोणाकडे बोट दाखविता येत नाही. त्या क्षणी तो सार्वजनिक पत्ता अनेकांचा असतो. पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक व अचूक वेळ असेल तरच कंपनीच्या नोंदींवरून सिम कार्डापर्यंत पोहोचता येते. आणि सिम कार्डापर्यंत पोहोचले तरी त्या वेळी यंत्र कोणाच्या हाती होते, हॉटस्पॉटवर आणखी कोण होते, हे प्रश्न उरतातच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. एखादा कागद हाती आला की तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोठे सापडला व त्याला दुसऱ्या साधनाचा आधार आहे काय, हे विचारल्याशिवाय आपण त्यावरून निष्कर्ष काढीत नाही. आयपी पत्ता हाही असाच एक कागद आहे. तो एका दाराने, एका यंत्राला, थोड्या काळासाठी दिलेला असतो. तो वाचावयास शिकणे हे केवळ विज्ञान शाखेचे काम आहे असे मानून आपण स्वस्थ बसलो, तर उद्या त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल तेव्हा हरकत घेणारे कोणी उरणार नाही. साधनांची चिकित्सा ही कला शाखेनेच आपल्याला शिकविलेली गोष्ट आहे. ती जुन्या दप्तरापुरती न ठेवता हातातल्या यंत्रालाही लावावी, एवढेच सांगून हा लेख पुरा करते.